संरक्षण मंत्रालय (भारत)

भारताच्या केंद्र सरकारचं एक मंत्रालय. भूदल, नौदल, हवाईदल आणि तटरक्षक दल यांचा कारभार, त्यांना लागणारा पैसा, शस्त्रं, जमिनी आणि निवृत्त सैनिकांची पेन्शन हे सगळं याच्या अखत्यारीत येतं. सीमा सुरक्षा दल मात्र गृह मंत्रालयाचं आहे, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. आसाम रायफल्सचं तर त्याहून वेगळं, तिचं प्रशासन गृह खात्याकडे आणि मोहिमांचं नियंत्रण लष्कराकडे.

सुरुवात : मंत्रालय नेमकं कधीपासूनचं यावर एकमत नाही. सरकारी इतिहासात १७७६ हे साल धरतात, कारण त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने कोलकात्यात मिलिटरी डिपार्टमेंट काढलं. पण त्याचं काम बघितलं तर ते मुख्यतः कारकुनी होतं, वेगवेगळ्या खात्यांतून सैन्याबद्दल निघणारे हुकूम निवडून त्यांची नोंद ठेवायची, आणि सुरुवातीला ते पब्लिक डिपार्टमेंटचीच एक शाखा होतं. म्हणून काहीजण १८३३ च्या चार्टर अ‍ॅक्टपासून मोजतात, तेव्हा सचिवालयाची चार खाती झाली आणि मिलिटरी डिपार्टमेंटला स्वतःचा सेक्रेटरी मिळाला. डिफेन्स डिपार्टमेंट हे नाव जानेवारी १९३८ चं आणि मंत्रालय ऑगस्ट १९४७ चं. लोकांना जबाबदार असलेलं खातं असा अर्थ घेतला तर १९४७ च्या मागे जाता येत नाही, आणि इथे तोच अर्थ जास्त पटण्यासारखा वाटतो.

कर्झन-किचनर वाद : हा भाग सविस्तर सांगायलाच हवा, कारण आजच्या रचनेतला पेच इथूनच कळतो. बंगाल, मुंबई आणि मद्रास अशा तीन इलाख्यांच्या फौजा १८९५ मध्ये एक झाल्या. त्यानंतर व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये सैन्याचे दोन आवाज होते, एक सरसेनापती म्हणजे कमांडर-इन-चीफ आणि दुसरा मिलिटरी मेंबर. दोघेही सैनिकच, पण मिलिटरी मेंबर हुद्द्याने खालचा आणि तरीही रसद, वाहतूक, दारूगोळा, हिशेब त्याच्या हातात, शिवाय सरसेनापतीने पाठवलेल्या प्रस्तावावर शेरा मारून ती फाइल व्हाइसरॉयपुढे ठेवणाराही तोच. १९०२ मध्ये सरसेनापती होऊन आलेल्या किचनरला हे सहन झालं नाही. व्हाइसरॉय कर्झनचं म्हणणं होतं की दुसरं मत समोर आलं नाही तर मुलकी सरकारच्या हातात काहीच उरत नाही. लंडनने वरवर मधला मार्ग काढला पण माप किचनरच्या पदरात टाकलं, ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झनने राजीनामा दिला, १९०६ मध्ये मिलिटरी डिपार्टमेंट मोडून आर्मी आणि मिलिटरी सप्लाय अशी दोन खाती झाली आणि १९०९ मध्ये दुसरंही पहिल्यात गेलं. मग पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात भारतीय फौजेचे औषधपाणी आणि वाहतुकीवाचून जे हाल झाले त्यांच्या चौकशीत, १९१७ च्या अहवालात, सगळा भार एकाच माणसावर टाकणाऱ्या या पद्धतीवर कडक टीका झाली. कर्झनची बाजू पुढे घटनांनीच खरी ठरवली असं म्हणायला जागा आहे.

स्वातंत्र्यानंतर : सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात संरक्षण खातं सरदार बलदेवसिंगांकडे आलं, तेच १९४७ मध्ये पहिले संरक्षणमंत्री झाले. तिन्ही दलांना वेगवेगळे प्रमुख मिळाले आणि १९५५ मध्ये त्यांचं कमांडर-इन-चीफ हे नावही जाऊन चीफ ऑफ स्टाफ झालं. राज्यघटनेच्या कलम ५३ प्रमाणे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींचं, पण तेही कायद्याने बांधलेलं, प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळाचा.

नेतृत्व : मंत्र्यांची पूर्ण यादी इथे देत नाही, ती कुठेही मिळते. कृष्ण मेनन (१९५७-६२) यांच्या काळात मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात इतकं बिनसलं की १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला, तो नंतर परत घेतला. चीनच्या युद्धातल्या पराभवानंतर मेनन गेले आणि २१ नोव्हेंबर १९६२ ला, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सूत्रं हाती घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपल्याकडे म्हणतात ते यावरूनच, पण त्यांचं खरं काम त्या वाक्यापेक्षा साधं आणि मोठं होतं. त्यांनी तिन्ही दलप्रमुख आणि सचिवांना रोज सकाळी एकत्र बसवायची पद्धत पाडली, आणि बढत्या-नेमणुकांत लुडबूड टाळली. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते, दुपारी हवाईदल वापरायची परवानगी मागितली गेली, चव्हाणांनी ती जागच्या जागी दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. तीन वर्षांपूर्वीच्या युद्धात लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, म्हणून त्या काही मिनिटांचं मोल फार. पुढे महाराष्ट्रातून शरद पवार (१९९१-९३) या पदावर आले. सलग सर्वांत जास्त काळ ए. के. अँटनी (२००६-१४) होते, राजनाथ सिंह यांच्याकडे हे खातं मे २०१९ मध्ये आलं.

रचना : पाच विभाग आहेत. संरक्षण विभाग संरक्षण सचिवांकडे, संरक्षण उत्पादन विभाग (१९६२) हा चीन युद्धाचाच परिणाम, संशोधन विभाग १९८० चा, माजी सैनिक कल्याण २००४ चा. पाचवा सैन्य व्यवहार विभाग २०२० मध्ये निघाला आणि त्याचा सचिव म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, बोलताना सीडीएस. कारगिल युद्धाचा आढावा घेणारी सुब्रह्मण्यम समिती आणि २००१ चा मंत्रिगट इथपासून या पदाची चर्चा होती, घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली आणि १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत पहिले सीडीएस झाले. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळून ते गेले आणि पद सप्टेंबर २०२२ पर्यंत रिकामं राहिलं.

सीडीएस तिन्ही दलांबद्दल मंत्र्यांचा मुख्य सल्लागार, पण दलप्रमुखांवर त्याचा हुकूम चालत नाही. त्याच्या विभागाकडे भांडवली सोडून दलांची स्वतःची खरेदी येते, विमानं-जहाजं अशी मोठी भांडवली खरेदी संरक्षण विभागाकडेच आहे आणि तिची पहिली मान्यता मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या संरक्षण खरेदी परिषदेत होते. आधी दलांची मुख्यालयं मंत्रालयाला नुसती संलग्न कार्यालयं होती, त्यांचा प्रस्ताव मुलकी अधिकाऱ्यांच्या टेबलावरून जायचा. आता गणवेशातला माणूस स्वतःच सचिव आहे, त्यामुळे सल्ला देणारा आणि फाइलवर सही करणारा काही बाबतीत एकच झाला. म्हणून दुसरं मत कुठून येणार हा कर्झनचा प्रश्न पुन्हा निघतो, जरी आज वर निवडून आलेला मंत्री आणि शेजारी मुलकी सचिव असल्याने तुलना पूर्ण जुळत नाही.

पैसा आणि कारखाने : २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मंत्रालयाला सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते, त्यातले साधारण १.६१ लाख कोटी पेन्शनचे. आयुध कारखान्यांचं बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला बंद करून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात आहे.