वाळूउपसा आणि गोदावरीतला प्राणवायू

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये गोदावरीच्या पाण्याची चर्चा सुरू होते आणि ‘गंगा वाहती आहे, ती आपली आपण शुद्ध होते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते निव्वळ खोटे नाही. मात्र ज्या अटीवर ते खरे ठरते, ती अटच वाळूउपशाने मोडते, आणि म्हणून वाळूचा प्रश्न हा पाण्याच्या शुद्धतेचाही प्रश्न आहे.

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये, ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर नदीच्या पाण्यात फार तर ७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. तेवढ्याच हवेत तो सुमारे २५० मिलिग्रॅम असतो. प्रक्रिया न केलेल्या एक लिटर घरगुती सांडपाण्याची ऑक्सिजनची भूक २०० मिलिग्रॅमपर्यंत सहज जाते, म्हणजे ते तीसेक लिटर स्वच्छ पाण्यातला सारा ऑक्सिजन संपवू शकते. स्नानयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडचा निकष आहे.

संपलेला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, पृष्ठभागावाटे परत येतो. पाणी अगदी स्थिर असेल, तर ऑक्सिजनच्या रेणूला केवळ विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, एक सेंटिमीटर खाली जायला काही तास आणि एक मीटर जायला काही वर्षे लागतील. नदी हे काम खळखळाटाने करते: खालचे पाणी वर येते, हवेला भेटते आणि पुन्हा खाली जाते. सांडपाणी मिसळल्यावर नदीतला ऑक्सिजन कसा घसरतो आणि पुढे कसा सावरतो, याचे गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स या अमेरिकी संशोधकांनी १९२५ साली ओहायो नदीवरून मांडले. पुढे १९५८ मध्ये ओ’कॉनर आणि डॉबिन्स यांनी दाखवले की, हा भरून येण्याचा दर वेगाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि खोलीच्या दीडाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. सक्शन पंपाने वाळू काढून पात्राची खोली दुप्पट केली, तर रुंदी आणि विसर्ग तेच असताना वेग निम्मा होतो. दोन्ही परिणाम एकत्र केले की दर थेट एक चतुर्थांशावर येतो. खोली तिप्पट झाल्यास तो एक नवमांश उरतो. जिवाणूंची भूक मात्र तसूभरही कमी होत नाही, उलट पाणी डोहात जास्त वेळ थांबल्याने त्यांना अधिक अवधी मिळतो. शिवाय वाळूच्या कणांवर जिवाणूंचा पातळ थर असतो आणि त्यातून झिरपताना पाणी गाळले जाते. ती गाळणीही वाळूबरोबर ट्रकमधून निघून जाते.

नाशिकच्या रामकुंडात अस्थी विरघळतात, अशीही एक श्रद्धा आहे. हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट उदासीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जळून ठिसूळ झालेली हाडे फुटून पसरतात, इतकेच. ते फॉस्फेट, म्हणजे त्यातला फॉस्फरस, नदीतच राहते.

फॉस्फरसचा मोठा वाटा अर्थात सांडपाण्याचा आणि शेतातील खतांचा. डोहाच्या तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातील लोहसंयुगांना चिकटलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो आणि पाणवेलींना खाद्य मिळते. पाणवेलींचा गालिचा पृष्ठभाग झाकून हवेची उरलीसुरली वाटही अडवतो. हेच पाणी खाली नांदूर मध्यमेश्वरला, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींचा ‘रामसर’ दर्जा २०२० साली जाहीर झालेल्या पाणथळीत पोचते.

  

म्हणून पाण्याचे नमुने घाटावरून दुपारी घेऊन भागणार नाही, कारण उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडत असते आणि आकडे फसवे चांगले येतात. ते उपशाच्या डोहातून, तळाजवळून आणि पहाटे सूर्योदयापूर्वी घ्यायला हवेत.