ड्रायव्हर क्रॅश आणि पॅच (कोकण किनारा)

प्रिंटर, स्कॅनर, वायफाय कार्ड, ग्राफिक्स चिप अशा उपकरणांशी ऑपरेटिंग सिस्टिमचा संवाद घडवणाऱ्या प्रोग्रॅमला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. तो चुकल्यामुळे मशीन बंद पडणे म्हणजे ड्रायव्हर क्रॅश. त्या चुकीवर, किंवा ती चूक उघडी पाडणाऱ्या स्वतःच्याच कोडवर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या निर्मात्याने पाठवलेली दुरुस्ती म्हणजे पॅच. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत या बिघाडाला ‘निळी स्क्रीन आली’ असे म्हणतात आणि त्यावर पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारा’. हा सल्ला बऱ्याचदा चुकीचा असतो. फॉरमॅट केल्यावर बॉक्समधल्या सीडीतून किंवा दुरुस्तीवाल्याच्या पेनड्राइव्हमधून तोच जुना ड्रायव्हर परत टाकला जातो आणि आठवड्याभरात तीच निळी स्क्रीन पुन्हा दिसते. मधल्या मधे गिऱ्हाइकांची कागदपत्रे मात्र गेलेली असतात.

एका प्रिंटरच्या चुकीने अख्खे मशीन का पडते, हे कोकणी घरावरून समजते. साधे प्रोग्रॅम पडवीत बसतात; त्यांतला एखादा आडवा झाला तर तेवढाच उठवून बाहेर काढता येतो. अनेक ड्रायव्हर मात्र थेट माजघरात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये), वावरतात. तिथे एकाने चुकीच्या जागी हात घातला की पुढचे नुकसान टाळण्यासाठी सिस्टिम सगळे कामच थांबवते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडवरील २००१ सालच्या एका अभ्यासात ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट आढळले होते. विंडोज एक्सपीच्या त्या काळात नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्क्यांचे मूळ ड्रायव्हरमध्ये असल्याचा आकडा २००३ सालच्या एका शोधनिबंधात आहे. पुढे काही ड्रायव्हर पडवीत आणले गेले. ग्राफिक्सचा ड्रायव्हर साधारण दोन सेकंद अडकला, तर व्हिस्टापासून पुढचे विंडोज तो स्वतःच पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होतो आणि काम पुढे चालू राहते.

सेतू केंद्र, झेरॉक्सचे दुकान, पतसंस्थेची शाखा या ठिकाणी एकाच संगणकाला प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, बोटांचे ठसे घेणारे यंत्र असे बरेच काही लटकलेले असते आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. दुखणे खरोखर ड्रायव्हरचेच आहे का, हे आधी ठरवावे लागते. किनाऱ्यावरची खारी, दमट हवा रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या) पट्टीवरचे संपर्क खराब करते आणि त्यामुळेही निळी स्क्रीन येते. अनुभवी दुरुस्तीवाला म्हणूनच पट्टी काढून तिच्या कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून पाहतो. विंडोजच्या फोल्डरात ‘मिनीडंप’ नावाचा फोल्डर असतो. त्यात क्रॅशच्या वेळची नोंद राहते. प्रत्येक वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर संशय त्याच्यावर. दर खेपेला वेगळा कोड आणि वेगळे नाव येत असेल, तर आधी रॅम आणि वीजपुरवठा तपासावा. ही दहा मिनिटांची तपासणी फॉरमॅटमध्ये जाणारा अर्धा दिवस वाचवते, आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

पॅचमुळेच क्रॅश होतो, असेही घडते. ९ मार्च २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर ‘प्रिंट’ दाबताच निळी स्क्रीन येऊ लागली, आणि तीही मार्चअखेरच्या हिशेबांच्या धामधुमीत. १५ मार्चला मायक्रोसॉफ्टने वेळापत्रकाबाहेरचा पॅच दिला. त्यानंतरही काहींच्या छापील पानांवरचा मजकूर अर्धवट किंवा कोरा येत होता, म्हणून १८ मार्चला आणखी एक द्यावा लागला. अशा वेळी नवा पॅच येईपर्यंत आधीचे अपडेट काढून टाकणे हाच मार्ग असतो. दोष नव्या ड्रायव्हरमध्ये असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करून मागच्या ड्रायव्हरवर जाता येते.

मशीन सुरूच होत नसेल, तर पॅच त्याच्यापर्यंत पोचत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरला मिळालेल्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. तेव्हा असंख्य ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरांवर विंडोज सुरू करून) जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. ज्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे, तो अशा वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच वहीत लिहून ठेवलेली बरी.

मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या दुकानांत डेटा वाचवण्यासाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ लावलेले असते. मग बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत आणि मशीन महिनोन्‌महिने मागे राहते. यावर सोपा तोडगा आहे. विंडोज १० आणि ११ चे मासिक अपडेट साठवणीचे असते, म्हणजे मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्याही ताज्या अपडेटमध्ये येतात. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून आपल्या आवृत्तीची फाइल रत्नागिरीला किंवा कणकवलीला चांगल्या लाइनवर उतरवून पेनड्राइव्हवर गावी आणता येते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि मुदतवाढीच्या योजनेत फक्त सुरक्षेचे पॅच मिळतात. त्यामुळे त्या मशीनवर ड्रायव्हरची चूक दुरुस्त करायची असेल, तर उपकरणाच्या कंपनीकडे नवा ड्रायव्हर आहे का, हे पाहावे लागते.

पावसाळ्यात वेळ नीट निवडावी. अपडेट चालू असताना लाइट गेली, तर विंडोज बहुधा केलेले बदल मागे घेऊन सावरते, पण दर वेळी सावरेलच असे नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्यावा. डेस्कटॉप यूपीएसवर असला तरी त्याची बॅटरी तेवढा वेळ टिकते का, हे आधी पाहावे. मगच ‘रीस्टार्ट’ दाबावे.