पशुपालनातील प्राण्यांच्या यातनांविषयी जनजागृती

मांस, दूध व अंडी यांसाठी पाळलेल्या प्राण्यांना काय सोसावे लागते, ते ही उत्पादने विकत घेणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे संघटित कार्य. जगात दरवर्षी ८,००० कोटींहून अधिक जमिनीवरचे प्राणी खाण्यासाठी मारले जातात. त्यांत बहुसंख्य कोंबड्याच असतात. बंद शेडमध्ये काय चालते ते बाहेर कोणाला दिसत नाही आणि पाकिटावर छापलेली असते ती हिरव्या कुरणात चरणारी गाय.

आजच्या स्वरूपातील जनजागृतीला जोर आला तो ब्रिटनमध्ये, १९६४ साली रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक आल्यावर. लोकक्षोभ इतका झाला की सरकारला ब्रँबेल समिती नेमावी लागली. प्राण्याला उठता, आडवे होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, असे समितीने १९६५ च्या अहवालात म्हटले. एवढी साधी गोष्ट सरकारी अहवालात लिहावी लागली, यातच सारे आले. पुढे १९७९ मध्ये तिथल्याच पशुकल्याण परिषदेने भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मुभा अशी पाच स्वातंत्र्ये मांडली.

लोकांना सर्वांत कमी माहिती असते ती अंड्यांमागच्या यातनांची. बॅटरी पिंजऱ्याचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या दाटीने कोंडण्यासाठी रांगांनी लावलेल्या पिंजऱ्याचा, तळ तारेच्या जाळीचा आणि उतरता असतो, म्हणजे अंडे आपोआप बाहेर घरंगळते. युरोपीय संघाच्या जुन्या नियमानुसार एका कोंबडीला किमान ५५० चौ. सेंमी. जागा द्यावी लागे. ए-फोर कागदही याहून मोठा, सुमारे ६२४ चौ. सेंमी. असतो. एवढ्या जागेत पंख पसरता येत नाहीत, मातीत अंग घोळता येत नाही. अंडे घालण्यापूर्वी कोंबडी आडोसा शोधते. तो न मिळाल्याने ती जाळीवर अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत राहते. वर्षाला ३०० च्या आसपास अंडी द्यायची तर कवचासाठी लागणारे कॅल्शियम हाडांतूनही ओढले जाते. हाडे ठिसूळ होतात, छातीचे हाड मोडते आणि शेवटी पिंजऱ्यातून ओढून काढताना आणखी हाडे तुटतात. याच जातीचे नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसासाठीही परवडत नाही. म्हणून ते बहुतेक उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी मारले जाते. अंडे खाल्ल्याने कोणाचा जीव जात नाही, ही समजूत इथे खोटी ठरते. मांसाच्या ब्रॉयलर कोंबड्या पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातात. पायांना तो भार पेलवत नाही, त्या बसून राहतात आणि ओल्या तुसातील अमोनियाने त्यांचे तळवे भाजल्यासारखे होतात.

परिणामकारक मोहीम ‘प्राण्यांवर दया करा’ असे मोघम सांगत नाही. ती एकच प्रथा निवडते, उदाहरणार्थ बॅटरी पिंजरा किंवा गाभण डुकरिणीला वळताही येणार नाही असा अरुंद लोखंडी कठडा. त्या प्रथेचे सलग, तारीख-वेळ-ठिकाणासह चित्रीकरण मिळवायचे, ते पशुवैद्यकाकडून तपासून घ्यायचे आणि मग नेमकी मागणी नेमक्या अधिकाऱ्यापुढे किंवा खरेदीदार कंपनीपुढे ठेवायची. चित्रफितीत अपवादात्मक क्रौर्यच दाखवले तर ‘तो एक वाईट कामगार होता’ म्हणून विषय मिटतो. कायदेशीर, रोजची, सर्वत्र चालणारी पद्धत दाखवणे म्हणूनच अधिक मोलाचे. कामगाराचा चेहरा झाकावा. पद्धत त्याने ठरवलेली नसते.

नुसत्या रक्तपाताच्या दृश्यांनी लोक तोंड फिरवतात. दृश्याबरोबर लगेच करता येईल अशी कृती द्यावी लागते. युरोपीय संघात २००४ पासून अंड्यावर पद्धतीचा अंक छापणे सक्तीचे झाले: ० सेंद्रिय, १ मोकळ्या आवाराची, २ शेडमधली पण पिंजऱ्याविना, ३ पिंजऱ्यातली. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला अंडे उलटून पाहिले की उत्तर मिळते. मात्र ‘पिंजरामुक्त’ म्हणजे उघड्यावरची नव्हे, हेही सांगायलाच हवे.

आणखी एक चूक फार महाग पडते. एका मांसाच्या बैलापासून दोनशे किलोंहून अधिक मांस मिळते, एका ब्रॉयलरपासून दीड-दोन किलो. प्रचार फक्त गुराढोरांपुरता राहिला आणि लोक कोंबडीकडे वळले, तर तेवढ्याच मांसासाठी शंभराहून अधिक जीव जातात. म्हणून कोंबड्या आणि मासे यांना वगळणारी मोहीम यातना कमी करण्याऐवजी वाढवू शकते. माशांची तर गणतीही नगांत होत नाही, टनांत होते.

जाणिवेचा कायद्यापर्यंतचा प्रवास लांबचा असतो. युरोपीय संघाचा साध्या बॅटरी पिंजऱ्यांविरुद्धचा निर्देश १९९९ चा, बंदी लागू झाली १ जानेवारी २०१२ ला. तीही ७५० चौ. सेंमी.चे सुधारित पिंजरे चालू ठेवून. सर्वच पिंजरे बंद करण्यासाठी सुमारे १४ लाख नागरिकांनी सह्या केल्या. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये २०२३ अखेरपर्यंत प्रस्ताव आणण्याचे वचन दिले. ती मुदत प्रस्तावाविना उलटली. ‘यापुढे पिंजऱ्याविना अंडीच घेऊ’ या कंपन्यांच्या आश्वासनांचेही अनेकदा असेच होते. त्यामुळे अनुभवी संघटना घोषणेवर थांबत नाहीत. कोणत्या कंपनीने कोणती तारीख दिली आणि यंदा तिच्या एकूण अंड्यांपैकी किती टक्के पिंजऱ्याविना घेतली, याचा तक्ता त्या दरवर्षी जाहीर करतात आणि आकडा न देणाऱ्या कंपनीचे नाव त्यात वेगळे छापतात.