शेत नसलेल्यांचं रान

बोर्निओ बेटाच्या मधोमध डोंगरांची एक रांग आहे. तिच्या पश्चिम उतारावरून कापुआस निघते, पूर्वेकडे महाकाम वाहते आणि उत्तरेकडचं पाणी मलेशियातल्या सारावाकमध्ये जातं. कापुआस ११४३ किलोमीटर लांब, इंडोनेशियातली सर्वांत लांब नदी. तिच्यावरचं शेवटचं म्हणावं असं गाव पुतुसिबाउ. तिथून पुढे खडकाळ प्रवाहातून होडीनं वर गेलं की बुकात लोकांच्या वस्त्या लागतात. हे लोक जेमतेम काहीशे. त्यांची भाषा बोलणारेही तेवढेच.

आज ते घरं बांधून राहतात, डोंगरउतारावर भात पेरतात, रविवारी चर्चमध्ये जातात. पण काही पिढ्यांपूर्वी त्यांच्याकडे शेत नव्हतं, गाव नव्हतं, पेरायला बी नव्हतं. पंचवीस-तीस माणसांची टोळी, खांबांवर उभारलेली पानांची झोपडी, आणि चार-सहा आठवड्यांत जवळचं अन्न संपलं की पुढचा मुक्काम. बोर्निओत असं जगणारे बरेच गट होते. पुनान, पेनान, बुकात ही त्यांतली काही नावं, आणि बाहेरच्यांनी ती एकमेकांत इतकी मिसळली आहेत की अभ्यासक अजून वाद घालतात.

मला या लोकांबद्दल कुतूहल वाटलं ते एका साध्या प्रश्नामुळे. वर्षावनात माणसाला खायला मिळतं काय? फोटोत हिरवंगार दिसणारं हे जंगल माणसाच्या पोटाच्या दृष्टीनं कोरडंच असतं. सगळा माल उंच फांद्यांवर नाही तर लाकडात. पिष्टमय कंद विखुरलेले, प्राणी हडकुळे. १९८० च्या दशकाच्या शेवटी थॉमस हेडलँड आणि रॉबर्ट बेली यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी तर सरळ मांडलं की शेजारच्या शेतकऱ्यांकडून धान्य मिळाल्याशिवाय वर्षावनात कुणी निव्वळ शिकार-संकलनावर टिकूच शकत नाही. त्याआधी एकानं असंही सुचवलं होतं की पुनान हे मुळात शेतकरीच. जंगलातला माल गोळा करून विकण्यासाठी ते रानात शिरले आणि तिथेच राहिले.

बोर्निओनं याला दिलेलं उत्तर आपल्या ताटात आहे, निदान नावानं तरी. उपवासाचा साबुदाणा आपण कसाव्याच्या कंदापासून करतो, पण त्यातला ‘साबू’ आला मलय भाषेतल्या ‘सागु’वरून. सागु म्हणजे माडाच्या जातीच्या झाडाच्या खोडातलं पीठ. बोर्निओच्या भटक्यांचा सागु डोंगरधारेवर वाढणाऱ्या रानमाडाचा, शास्त्रीय नाव युजीसोना युटिलिस. हे झाड बेटांनी वाढतं, केळीसारखं. एक खोड तोडलं तरी बाजूची राहतात.

काढायची रीत अशी. फुलोरा यायच्या आधीचं खोड निवडायचं, कारण फुलल्यावर साठवलेलं पिष्ट झाड स्वतःच खर्चून टाकतं. कुऱ्हाडीच्या टोच्यानं खोडात बघायचं, गर पांढरा आणि भरलेला आहे का. मग तुकडे करून ओढ्याकाठी आणायचे, उभे चिरायचे, गर कुटायचा. वेताच्या चटईवर तो पसरून वरून पाणी ओतत बाया पायांनी तुडवतात. पांढरं पाणी खालच्या दुसऱ्या चटईवर पडतं, पीठ तळाशी बसतं, धागे वर राहतात. वरचं पाणी काढून टाकलं की ओलं पीठ शेकोटीवर वाळवायचं. गरम पाण्यात शिजवलं की चिकट, पारदर्शक खळ होते. पेनान ती चिमट्यासारख्या दुहेरी काडीवर गुंडाळून खातात. खळीला चव अशी नसते. पोट मात्र भरतं.

मानववंशशास्त्रज्ञ पीटर ब्रोसियस यांनी १९९१ मध्ये पेनानांचा दाखला देऊन हेच दाखवलं, की पिष्टाचा प्रश्न बोर्निओत सुटलेला आहे. आणि हे झाड नुसतं सापडतं असं नाही, राखलंही जातं. ‘मोलोंग’ हा पेनानांचा शब्द. रानमाडाचं एखादं बेट, फळझाड किंवा विषाचं झाड दिसलं की त्यावर खूण करायची आणि पुढच्यासाठी ठेवायचं. खूण दिसली की दुसरा कुणी हात लावत नाही. याला शेती म्हणायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मला तरी ते पेरणीपेक्षा फार लांबचं वाटत नाही.

चरबीची गोष्ट वेगळी. इथलं रानडुक्कर दाढीवालं, आणि त्याचं नशीब आपल्या सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांशी बांधलेलं. ही झाडं दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षं गप्प राहतात आणि मग, बहुतेकदा एल निनोच्या कोरड्या वर्षात, शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात एकदम फळतात. डुकरं कळपानं निघतात, लठ्ठ होतात, आणि टोळीच्या शेकोटीभोवती चरबीचे दिवस येतात. २०२१ च्या सुमारास आफ्रिकन स्वाइन फीव्हर बोर्निओत पोचला तेव्हा ही डुकरं ठिकठिकाणी मरून पडली. कुणाच्या तरी मांसाचा मुख्य आधार त्यात गेला.

शिकारीचं हत्यार फुंकनळी. चुलीच्या फुंकणीचीच थोरली बहीण म्हणा, पण टणक लाकडाची आणि दीड-दोन मीटर लांब. तिरावरचं विष इपोहच्या चिकाचं, अँटियारिस टॉक्सिकारिया या झाडाचं. हे झाड सह्याद्रीतही आहे, कोकणातला ‘चांदला’. त्याची साल अखंड सोलून पूर्वी पोती करत. चिकातली रसायनं कण्हेरीच्या विषाच्या कुळातली. हृदयाच्या पेशी सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेतात, तो पंपच ती बंद पाडतात. रक्तात गेली तर मरण. पोटातून मात्र ती फारशी शोषली जात नाहीत, त्यामुळे मांस शिजवून बिनधास्त खाता येतं.

आता एक पेच. ही नळी लोखंडी सळईनं आतून कोरावी लागते. लोखंड या लोकांनी कधी वितळवलं नाही. ते नदीकाठच्या शेतकऱ्यांकडून यायचं. बदल्यात जायचा अगरू, म्हणजे आपल्या अगरबत्तीतला ‘अगर’. अगरूचं झाड जखमी झालं, बुरशी लागली, तरच त्यात सुगंधी राळ धरते. बहुतेक झाडांत काहीच निघत नाही, म्हणून ते ओळखणारा माणूस मोलाचा. तेव्हा ‘जगापासून तुटलेले’ हे विशेषण विसरलेलं बरं. बर्नार्ड सेलातो हे फ्रेंच अभ्यासक भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून बोर्निओत आले आणि बुकातांचा इतिहास लिहू लागले. त्यांचं म्हणणं, भटक्यांची संस्कृती स्वतंत्र होती, कुणाची उतरण नव्हे. अलीकडे पुनानांच्या काही गटांच्या जनुकांवरून दिसलं की त्यांच्या वंशातला एक धागा ऑस्ट्रोनेशियन शेतकरी बेटावर येण्याआधीचा आहे. त्या नमुन्यांत बुकात नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं.

श्रद्धांबद्दल बाहेरचे पाहुणे नेहमी निराश झाले. शेजारच्या शेतकऱ्यांकडे थाटाचे अंत्यविधी, कोरीव खांब. भटक्यांकडे तसं काही नाही. पेनानांत कुणी मेलं की मुक्काम हलवतात आणि मृताचं नाव घेत नाहीत. उलट जिवंतांचीच नावं बदलतात. मानववंशशास्त्रज्ञ रॉडनी नीडहॅम यांनी १९५० च्या दशकात नोंदवलं की बाप मेला की मुलाला ‘उयाऊ’ म्हणतात. कुठला नातलग गेला त्यावर नाव ठरतं. दुसरा कडक नियम प्राण्यांचा. माकडाला चिडवून हसलं, त्याची थट्टा केली, तर गडगडाट होऊन वादळ येतं. आणि हाती भरवून वाढवलेलं पिल्लू कधीच खायचं नाही.

बुकातांची मागणी मोठी नाही: जमीन, शाळा, दवाखाना, गढूळ न झालेली नदी. १९ व्या शतकात बोर्निओतल्याच इबान लोकांच्या मुंडकी कापणाऱ्या टोळ्यांनी बुकातांना डोंगरापलीकडे ढकललं होतं. आता लाकूडतोड आणि सोन्याच्या बेकायदा खाणी आहेत, आणि खाणीत पारा. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयानं मे २०१३ मध्ये सांगितलं की परंपरेनं वापरलेलं जंगल सरकारी जंगल नव्हे. २०१७ मध्ये त्याच न्यायालयानं ओळखपत्रावर स्वतःची पारंपरिक श्रद्धा लिहायला मुभा दिली. पण जंगल मिळवायला हद्द दाखवावी लागते. शेतकरी पडीक शेत दाखवतो. ज्यांचे पणजोबा फक्त चालत गेले त्यांनी काय दाखवायचं?

सीमेपलीकडे सारावाकच्या पेनानांनी वर्षानुवर्षं खपून नकाशे तयार केले, ते २०१७ मध्ये लोकांसमोर आले. त्यांत जुने मुक्काम आहेत, विषाची झाडं आहेत आणि बारीकसारीक ओढ्यांचीही नावं आहेत. मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तो माणूस कुठल्या ओढ्याकाठी पुरला ते सांगतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं.