सार्वत्रिक आरोग्यसेवा आणि खासगी आरोग्यविमा : सांगली-मिरज परिसराच्या संदर्भात

आजारपणाचा खर्च समाजाने करातून किंवा सक्तीच्या वर्गणीतून मिळून उचलावा, की ज्याने त्याने विमा कंपनीची पॉलिसी घेऊन आपली सोय आपण पाहावी, हा आरोग्यधोरणातला मूळ वाद आहे. पहिल्या व्यवस्थेला सार्वत्रिक आरोग्यसेवा म्हणतात. तीत उपचार गरजेनुसार मिळतात आणि पैसे ऐपतीनुसार घेतले जातात. दुसऱ्या व्यवस्थेत संरक्षण भरलेल्या हप्त्याइतके आणि पॉलिसीतल्या अटींपुरते असते. भारतात दोन्ही अर्धवट रुजल्या आहेत. त्या अर्धवटपणाची किंमत कोण मोजतो, हे सांगली जिल्ह्यात, विशेषतः मिरजेत, फार स्पष्ट दिसते.

मिरजेची वैद्यकीय परंपरा

प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. मिशन हॉस्पिटल म्हणून ते दूरवर ओळखले गेले. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या वानलेसवाडीच्या नावातही त्यांची आठवण राहिली आहे. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मिरजेचे सिव्हिल आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही दोन्ही त्याला जोडलेली आहेत. त्यांच्या भोवती खासगी आणि धर्मादाय रुग्णालये, लॅब, औषधांची दुकाने उभी राहिली. मिरज हे मोठे रेल्वे जंक्शन असल्यामुळे उत्तर कर्नाटकातून पेशंट गाडीने उतरतात आणि इथल्या वॉर्डांत मराठीइतकीच कन्नडही ऐकू येते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या डॉक्टरांनी ‘पेशंट मिरजेला हलवा’ म्हटले, की घरातली माणसे आधी गाडी बघतात आणि लगेच पैशांची जुळवाजुळव सुरू करतात. पतसंस्था, सोसायटी, पाहुणे आणि शेवटी सोनेतारण असा तो क्रम असतो. निष्णात डॉक्टर आणि यंत्रे हाकेच्या अंतरावर असूनही उपचार परवडत नाहीत. त्यामुळे या जिल्ह्यात प्रश्न डॉक्टरांपेक्षा खर्च कोण उचलणार याचा आहे.

जगातल्या वाटा

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आला. वर्गणी पगारातून कापायची, मालकाने आपला वाटा घालायचा आणि नफा न कमावणाऱ्या निधींनी उपचाराचे पैसे द्यायचे, अशी ती पद्धत. ब्रिटनने दुसरी वाट धरली. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने पाया घातला आणि अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. पैसा करातून येऊ लागला आणि रुग्णालये सरकारची झाली. कॅनडात सास्कॅचवान प्रांताने १९६२ साली सार्वजनिक वैद्यकीय विमा आणला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी संप केला. तरी पुढे तीच पद्धत देशभर गेली. अमेरिकेने खासगी विम्यावर भर ठेवला आणि १९६५ साली वृद्ध व गरिबांसाठी वेगळ्या सरकारी योजना केल्या. २०१० च्या कायद्याने आधीपासून आजार असलेल्यांना पॉलिसी नाकारण्यावर बंदी आणली, पण सगळ्यांना संरक्षण त्यानेही मिळाले नाही.

आपल्याला सर्वांत जवळचा धडा थायलंडचा आहे. तिथे २००२ साली, दर भेटीला ३० बात (तिथले चलन) एवढ्या शुल्कात, इतर सरकारी योजनांत नसलेल्या सर्व नागरिकांना सेवा देणारी योजना आली. तिच्या आधी कित्येक वर्षे सरकारने तालुक्यातालुक्यांत रुग्णालये बांधली होती आणि तरुण डॉक्टरांना गावाकडे सेवा करणे बंधनकारक केले होते. दवाखाना आधी उभा राहिला, योजना नंतर आली. भारतात योजना पुढे गेली आणि दवाखाना मागे राहिला.

भारतातली वाटचाल

भारतात या विचाराची सुरुवात उशिरा झाली नव्हती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच म्हटले होते, की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारावाचून राहू नये. त्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना घेतली गेली, पण त्यासाठी लागणारा पैसा कधी दिला गेला नाही. संघटित कामगारांसाठी १९४८ चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पगारातून कापली जाणारी ईएसआय वर्गणी त्याच कायद्याची. शेतमजूर, ऊसतोड कामगार, विट्याच्या छोट्या मागावरचे विणकर असे बहुसंख्य लोक मात्र तिच्या बाहेर राहिले.

सरकारी विमा कंपन्यांची मेडिक्लेम पॉलिसी १९८६ साली आली, १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना दार उघडले. आज पगारदार, व्यापारी, तासगावचा बऱ्यापैकी द्राक्षबागायतदार यांच्याकडे मेडिक्लेम असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून केलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते आणि २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्केच होता.

खासगी विमा कुठे अडतो

विमा म्हणजे जोखीम वाटून घेणे. घराच्या आगीचा विमा सरळ असतो, आजारपणाचा नसतो. उपचार किती लागतील हे पेशंटला कळत नाही, पेशंटला काय दुखणे आहे हे कंपनीला पूर्ण कळत नाही, आणि दोघांच्या मध्ये रुग्णालय बिल करते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवले, की माहितीच्या या विषमतेमुळे आरोग्याचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. ज्यांना आजाराची भीती जास्त ते पॉलिसी घेतात, त्यामुळे हप्ते चढतात, धडधाकट लोक बाहेर पडतात आणि हप्ते आणखी चढतात. म्हणून कंपन्या अटी घालतात: जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ, काही उपचारांना मर्यादा, खोलीभाड्याला कमाल आकडा. विमा नियामकाने २०२४ साली जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आणला. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत, पण अटींची रचना तीच आहे.

खोलीभाड्याची अट नीट समजून घ्यावी, कारण डिस्चार्जच्या काउंटरवर सर्वाधिक धक्का तीच देते. समजा, पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीभाडे विमारकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांपर्यंत मान्य आहे. वॉर्ड भरलेला आहे म्हणून पेशंटला ६,००० रुपयांची खोली मिळाली. घरच्यांना वाटते, वरचे ३,००० आपण भरू. पण मान्य भाडे प्रत्यक्ष भाड्याच्या निम्मे आहे, म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही निम्म्यावर येते. या बाबींचे ८०,००० झाले असतील तर कंपनी ४०,००० देते. औषधे आणि शरीरात बसवायच्या वस्तू या कपातीतून वगळल्या आहेत, तरीही उरलेला आकडा लहान नसतो. पॉलिसी विकताना हे कोणी हिशेब मांडून सांगत नाही. पॉलिसी घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, रक्कम किती हा दुसरा.

फुले योजना : तिसरी वाट

महाराष्ट्राने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ८ जिल्ह्यांत सुरू केली. सांगली-सातारा त्यात नव्हते. ते २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, योजना राज्यभर झाली तेव्हा आले. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली प्राण गमावलेल्या सावित्रीबाई त्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. या योजनेला याहून योग्य नाव नव्हते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. २०२३ मध्ये राज्याने पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची अट काढून सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांचे संरक्षण देण्याचे ठरवले. त्याच वर्षी कर्नाटक सीमेवरची ८६५ मराठीबहुल गावे तीत घेतली. सीमाभागातून मिरजेला येणाऱ्या पेशंटसाठी ही मोठी गोष्ट होती, जरी कर्नाटक सरकारने तिला हरकत घेतली.

योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळ आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे, टेबल असते. तिथे पहिला प्रश्न एकच ऐकू येतो: ‘योजनेत बसतंय का?’ बायपास बसते, केमोथेरपी बसते, डायलिसिस बसते. अनेक कुटुंबांची जमीन यामुळे वाचली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळले नाही, लग्नानंतर सुनेचे नाव कार्डावर चढवायचे राहिले, मंजुरी यायला दोन दिवस लागले, की टेबलासमोरची माणसे पुन्हा सोनाराचा रस्ता धरतात. ठरलेले दर परवडत नाहीत अशी रुग्णालयांची तक्रार असते. बाहेरून औषध आणायला लावले, वरचे पैसे मागितले, अशी पेशंटची.

याहून मोठी उणीव योजनेच्या रचनेतच आहे. ती भरतीचे, मुख्यतः शस्त्रक्रियेचे आणि मोठ्या आजाराचे पैसे देते. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची तपासणी, बाळाचा ताप, दम्याचा पंप यांचे पैसे सहसा ना फुले योजना देते, ना मेडिक्लेम. जतच्या एखाद्या वाडीतला मधुमेही शेतकरी वर्षानुवर्षे औषधाचा खर्च स्वतः करतो. नाही जमला तर गोळ्या थांबवतो, आणि पाय सडल्यावर मात्र योजनेत बसतो. ज्या आजाराला उपकेंद्रातल्या नियमित गोळ्यांनी आवर घालता आला असता, त्याच्यावर सरकार शेवटी शस्त्रक्रियेचे पैसे भरते. सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे निकष आहेत. पाटण, जावळी, शिराळ्यासारख्या डोंगरी तालुक्यांत इमारत असली तरी डॉक्टर आज हजर आहे का, औषध शिल्लक आहे का, हेच लोक आधी फोन करून विचारतात. विम्याचे कार्ड त्या केंद्राची जागा घेऊ शकत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले, हे पाऊल म्हणूनच योजनेच्या रकमेइतकेच महत्त्वाचे आहे.

कोविडने दाखवलेले

मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: वॉर्डला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. त्याच महिन्यात फुले योजना सर्वांना खुली केली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सांगली आणि सातारा हे राज्यातले फार भरडलेले जिल्हे होते आणि वरचे दर घेतल्याच्या तक्रारी तेव्हाही झाल्या. तरीही खासगी रुग्णालयांचे दर सरकारला बांधता येतात, हे त्या काळात सिद्ध झाले.

हक्क की सवलत

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात म्हटले. राजस्थानने २०२३ साली आरोग्यहक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. इथे आधार आहे तो तुकड्यातुकड्यांचा. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. मिरजेला पेशंट घेऊन येणाऱ्याने डिपॉझिट भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: उपचार फुले योजनेत बसतो का, हे रुग्णालय धर्मादाय आहे का, आणि दरपत्रक कुठे लावले आहे.