खुर्ची रिकामी, नेटवर्क जागं

२५ जानेवारी २००३ रोजी शनिवार होता. बहुतेक ऑफिसं बंद, खुर्च्या रिकाम्या. कॉम्प्युटर मात्र चालू आणि इंटरनेटला जोडलेले. जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे साडेपाचच्या सुमारास ‘एसक्यूएल स्लॅमर’ नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून यंत्रायंत्रांत पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ या डेटाबेसमधल्या त्रुटीतून तो शिरत होता. अवघ्या ३७६ बाइटांचा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत होती, आणि ज्यांना तो बाधू शकत होता त्यांतली सुमारे ९० टक्के यंत्रं १० मिनिटांत त्याच्या तावडीत सापडली. कोणी कुठली फाइल उघडली नव्हती, कुठल्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं. यंत्र चालू असणं, जोडलेलं असणं आणि त्यातली त्रुटी बुजवलेली नसणं, एवढं पुरेसं होतं.

सर्व्हर जोडलेले राहणारच, ते त्यांचं कामच आहे. पण त्या दिवशी टेबलावरचे साधे कॉम्प्युटरही सापडले. एखाद्या सॉफ्टवेअरसोबत त्या डेटाबेसची छोटी आवृत्ती त्यांच्यावर येऊन बसली होती आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. समोर माणूस नसताना या कॉम्प्युटरांना नेटवर्क कशाला हवं होतं? हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. माणूस उठून गेला की काही मिनिटांनी नेटवर्क आपोआप बंद व्हावं आणि तो परतला की आपोआप सुरू व्हावं, ही कल्पना त्यातूनच सुचते.

बंद करणं सोपं आहे. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टर, म्हणजे कॉम्प्युटरला नेटवर्कशी जोडणारा भाग, डिसेबल करायला एका ओळीची कमांड पुरते, लिनक्सवर वायरलेस रेडिओ बंद करायला ‘आरएफकिल’ आहे. अवघड आहे ते माणूस उठून गेला हे ओळखणं.

कारण कॉम्प्युटरला माणूस दिसत नाही. शेवटची की कधी दाबली गेली, माउस शेवटचा कधी हलला, एवढंच त्याला कळतं. विंडोजमध्ये ‘गेटलास्टइनपुटइन्फो’ हे फंक्शन त्या शेवटच्या हालचालीची वेळ कॉम्प्युटर सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांत सांगतं. आत्ताच्या आकड्यातून तो आकडा वजा केला की हात किती वेळ थांबलेत ते निघतं. इथे एक बारीक खाच आहे. हा आकडा ३२ बिटांचा असल्यामुळे मीटर ४,२९,४९,६७,२९५ वर पोचलं की पुन्हा शून्यावर येतं. कॉम्प्युटर रीस्टार्ट न करता ४९.७ दिवस चालला की ही वेळ येतेच. नेटवर्क तोडणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, आत्ताची वेळ ६४ बिटांच्या मीटरवरून घेतली आणि शेवटच्या हालचालीची ३२ बिटांच्या, तर पन्नासाव्या दिवशी तिच्या हिशेबाने माणूस ४९.७ दिवस गायब असतो. टाइप करता करताच नेटवर्क जातं, आणि कारण शोधायला अख्खा दिवस लागतो.

हिशेब बरोबर असला तरी हात थांबले म्हणजे काम थांबलं असं नाही. मी पहिली स्क्रिप्ट लिहिली तेव्हा १० मिनिटांची मुदत ठेवली होती. रात्री बॅकअप लावून झोपलो. सकाळी पाहिलं तर तो दहाव्या मिनिटाला तुटलेला. माणूस निष्क्रिय होता, यंत्र नव्हतं. तेव्हापासून मी हातांसोबत वायरकडेही बघतो. अडॅप्टरवरून किती बाइट गेले, किती आले याची मोजणी ऑपरेटिंग सिस्टीम ठेवतेच. दर मिनिटाला ती वाचायची आणि प्रवाह सलग काही मिनिटं क्षीण राहिला तरच नेटवर्क तोडायचं. क्षीण म्हणजे शून्य नव्हे. शून्य कधी येतच नाही: शेजारच्या यंत्रांची विचारपूस, नेटवर्कवरच्या पत्त्याचं नूतनीकरण, ब्राउझरचे उघडे टॅब, अशी किरकोळ कुजबुज सतत चालू असते. शून्याची वाट बघणारी स्क्रिप्ट रात्रभर वाटच बघत बसते.

तोडल्यावर पलीकडे काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. नेटवर्क अचानक गेलं की दूरच्या सर्व्हरला कोणी निरोप देत नाही. त्याच्या लेखी टीसीपी जोडणी, म्हणजे दोन यंत्रांमधला संवादाचा धागा, अजून उघडीच असते. समोरचा आहे का हे तपासायची सोय चालू असली, तरी लिनक्सवर पहिली हाक मारण्याआधीची ठरलेली मुदत २ तासांची असते. म्हणून तुम्ही केव्हाच गेलेले असता आणि चॅटमध्ये इतरांना ‘ऑनलाइन’ दिसत राहता.

वीज वाचवण्यासाठी हे करत असाल तर फार हाती लागणार नाही. वायर्ड नेटवर्कला रिकाम्या वेळी अर्धवट झोपवणारं ८०२.३एझेड हे मानक २०१० मध्येच आलं आहे. आणि दुरून रिमोट डेस्कटॉपने त्या यंत्रावर काम करायची सवय असेल, तर हा उपाय तुमच्यासाठी नाहीच.

माझी खरी काळजी वेगळी आहे. स्लॅमर ज्या त्रुटीतून शिरला, ती बुजवणारा पॅच सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच निघाला होता. ज्यांनी तो बसवला ते वाचले. आता अडचण अशी की आजचे कॉम्प्युटर अपडेटसारखी कामं नेमकी माणूस नसताना उरकतात. विंडोजच्या स्वयंचलित देखभालीची मूळ वेळ पहाटे २ची असते. माणूस नसताना कायम नेटवर्क तोडणारा माणूस पॅचचीच वाट अडवतो आणि भोकं बुजायची राहून जातात. त्यामुळे दिवसातून एखादा तास नेटवर्क राखून ठेवलंच पाहिजे.

आणि आत आधीच घुसलेलं मालवेअर? त्याच्याकडे अॅडमिनचे अधिकार असतील तर ते अडॅप्टर पुन्हा चालू करू शकतं. तसे अधिकार नसतील, तर मात्र हा उपाय त्याला चांगलाच नडतो. चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे काही प्रोग्राम माणूस उठायची वाट बघतात, म्हणजे पंख्याचा आवाज कोणाला ऐकू जाऊ नये. तेही तोच निष्क्रिय काळ मोजत असतात. त्यांची वेळ आली की नेटवर्क नसतं, आणि नव्या कामासाठी ते वाटून देणाऱ्या मायनिंग पूलशी संपर्क होत नाही.

आज मी फक्त निष्क्रियतेच्या घड्याळावर विसंबत नाही, नेटवर्क तोडणं स्क्रीन लॉक होण्याला बांधतो. ठरलेली कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये लॉक आणि अनलॉक असे दोन वेगळे ट्रिगर आहेतच. उठताना मी स्वतः लॉक करतो, तेव्हा अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. लॉकनंतर १० मिनिटं आणि प्रवाह क्षीण, असं दोन्ही जुळलं की अडॅप्टर बंद; पहाटे २ ते ३ सगळं खुलं. परतून पासवर्ड टाकला की अडॅप्टर जागा होतो, वाय-फाय राउटरशी चार संदेशांची देवाणघेवाण करून सांकेतिक किल्ल्या ठरवतो, नेटवर्कवरचा पत्ता मागून घेतो. यात काही सेकंद जातात. तेवढ्यात मी खुर्ची पुढे ओढून बसलेलो असतो.