मोहाची दारू : पारख आणि आस्वाद

मोहाची दारू : मोहाच्या झाडाची वाळवलेली फुले पाण्यात आंबवून व त्याचे ऊर्ध्वपातन करून मिळणारे मद्य. विदर्भात ते मुख्यतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात आणि पश्चिमेला मेळघाटात काढले जाते. गोंड, माडिया, कोरकू या समाजांच्या देवकार्यात व जन्म-लग्न-मरणाच्या प्रसंगी त्याला स्थान आहे. या मद्याच्या निर्मितीवर, त्यावरील बंदीवर आणि त्यापायी झालेल्या संसाराच्या नासाडीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु चांगली मोहाची कोणती आणि वाईट कोणती हे ओळखण्याची जी रीत गावोगाव तोंडी चालत आली, तिच्याकडे लिहिणाऱ्यांचे फारसे लक्ष गेले नाही. द्राक्षाच्या वाइनची किंवा निरनिराळ्या शैलींच्या बिअरची चव घेणे ही सुसंस्कृत आवड मानली जाते आणि मोहाची चव घेणे हे व्यसन मानले जाते, हा भेद पेयापेक्षा पिणाऱ्याच्या सामाजिक पायरीवरून अधिक पडलेला दिसतो. प्रस्तुत नोंद या पारखीपुरती आहे.

पारखीची सुरुवात भट्टीपाशी होत नाही, झाडाखाली होते. मोह हा चिकूच्या कुळातला पानझडी वृक्ष असून त्याची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या सुमारास गळतात. ती मांसल, फिकट पिवळसर व रसाने भरलेली असतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी टोपल्यांत वेचून ती अंगणात पसरून वाळवतात, तेव्हा ती आक्रसून तांबूस-तपकिरी, मनुक्यासारखी होतात. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. चांगला वाळलेला मोह हाताला किंचित चिकट लागतो आणि मुठीत दाबून सोडला की पुन्हा सुटा होतो. वाळवणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की फुले काळी पडतात व त्यांना बुरशीचा वास धरतो, आणि तो वास पुढे भट्टीतूनही पूर्णपणे जात नाही. झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करण्याची जुनी सवय आहे. तिच्यामुळे वणवे लागतात हे तर खरेच, पण धूर व राख लागलेल्या फुलांची दारूही कडवट उतरते. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्याचा जो उपाय सुचवला जातो, तो जंगल वाचवण्यासाठी आहे; चवीला त्याचा होणारा फायदा कोणी सांगत नाही.

फुलाचा वास हा या मद्याचा प्राण आहे आणि त्याच्याविषयी मतभेदही पराकोटीचे आहेत. कोणाला तो मधासारखा गोड वाटतो, तर कोणाला उंदराच्या बिळासारखा. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात या वासाविषयी नाराजीचे शेरे आढळतात. मोहाच्या फुलात २-असिटिल-१-पायरोलीन हा सुगंधी घटक आढळला असून बासमतीसारख्या सुवासिक तांदळाच्या वासामागेही तोच घटक असतो. भंडारा-गोंदियाच्या चिन्नोर तांदळाच्या भाताची वाफ ज्याच्या नाकात बसली आहे, त्याला मोहफुलांच्या ढिगापाशी ओळखीचे काही जाणवते, याचे कारण येथे शोधता येईल. (वाघ झाडाझुडपांवर उडवतो त्या द्रवातही हाच घटक सापडला आहे. ताडोबाच्या रानात उन्हाळ्याच्या सकाळी शिजत्या भाताचा वास आला, तर तो कोणत्या दिशेने येतो आहे हे आधी पाहिलेले बरे.)

बिअरशी तुलना केल्यास मोहाचे वेगळेपण स्पष्ट होते. जवात साखर नसते, पिष्ट असते. म्हणून बिअरसाठी धान्याला मोड आणून, वाळवून व गरम पाण्यात भिजवून त्या पिष्टाची साखर करावी लागते, आणि हे मोड किती भाजले यावर बिअरचा रंग व तिची बिस्किटासारखी किंवा कॉफीसारखी चव ठरते. मोहफुलात साखर आयतीच असल्यामुळे ही सगळी पायरी गळते. फुले पाण्यात घातली की फुलांवरचे व मडक्यात राहिलेले रानटी यीस्ट कामाला लागते. या आंबलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. वैशाखातल्या उन्हात सडवा चार-पाच दिवसांत तयार होतो, थंडीत त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. सडव्यावर बुडबुडे उठणे थांबले आणि फुले तळाशी बसली की भट्टी लावायची वेळ झाली असे समजतात. त्या वेळी उशीर झाला तर सडवा आंबटतो, कारण हवेतले जिवाणू मद्यार्काचे व्हिनेगरसारखे आम्ल करतात. ते आम्ल वाफेबरोबर वर जात असल्याने दारूतही उतरते. घशात ओरखडणारी आंबट झार लागली की जाणता माणूस भट्टीला नव्हे, सडव्याला दोष देतो. जर्मन गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा किंवा लवंगेचा वास जसा यीस्टच्या जातीमुळे येतो, तसाच मोहाच्या दारूतला पिकल्या फळाचा वासही बऱ्याच अंशी यीस्टची करणी असतो. काही ठिकाणी आधीच्या सडव्याचा थोडा भाग विरजणासारखा नव्यात घालतात किंवा जुनेच मडके पुन्हा वापरतात. एका घरची मोहाची वर्षानुवर्षे एकाच वळणाची लागते, त्याचे एक कारण हे आहे.

भट्टीची रचना साधी असते. चुलीवर सडव्याचे भांडे, वर वाफ अडवणारे दुसरे भांडे, त्याला थंड ठेवणारे पाणी आणि थेंब बाहेर नेणारी बांबूची किंवा धातूची नळी, एवढाच संसार. मातीचे मडके सावकाश तापते व त्यात फुले सहसा करपत नाहीत. पत्र्याच्या पिंपाखाली मोठा जाळ केला की तळाची फुले जळतात आणि दारूला धुरकट, जळक्या गुळासारखी चव येते. ही चव काहींना आवडते, म्हणून तिला सरसकट दोष म्हणता येत नाही. मात्र फुलाचा वास तिच्याखाली दबतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ज्या मोहाच्या दारूत फूल ओळखू येत नाही, ती दारू कितीही जोरकस असली तरी मोहाची म्हणवून घेण्यास अपात्र आहे.

मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग अस्सल, निर्भेळ या अर्थाने सर्वत्र रूढ आहे आणि तो भट्टीवरूनच आलेला आहे. नळीतून प्रथम येणाऱ्या धारेत मद्यार्काचे प्रमाण सर्वांत जास्त असते व पुढे ते घटत जाते. अखेरची धार पाणचट, आंबूस व जड वासाची असते. तिन्ही धारा एकत्र केल्या की मध्यम जोराची, गावात रोज चालणारी दारू होते. पहिल्या धारेला असलेल्या मानाला रसायनशास्त्र मात्र थोडी कात्री लावते. इथेनॉल, म्हणजे दारूतला मुख्य मद्यार्क, सुमारे ७८.४° सेल्सिअसला उकळते. असिटाल्डिहाइड, इथिल असिटेट व मिथेनॉल ही द्रव्ये त्याहून कमी तापमानाला उकळतात आणि त्यांपैकी पहिली दोन धारेच्या अगदी आरंभी जास्त प्रमाणात येतात. नखांना लावायच्या रंगासारखा जो उग्र वास सुरुवातीच्या थेंबांना येतो, तो त्यांचाच. व्यवसायाने मद्य काढणारे हा आरंभीचा भाग बाजूला काढतात. गावच्या भट्टीवर पहिले थेंब पुरखांच्या व देवाच्या नावाने जमिनीवर सांडतात. या प्रथेत काही जण प्राचीन विज्ञान शोधतात, पण ते ओढूनताणून आणलेले वाटते. सांडलेले दोन-चार थेंब त्या कामाला पुरत नाहीत आणि प्रथेला श्रद्धेखेरीज दुसऱ्या आधाराची गरजही नाही.

जोर ओळखण्याच्या तीन रीती आढळतात. पहिलीत बाटली हलवून फेस किती वेळ टिकतो ते पाहतात. दुसरीत थोडी दारू तळहातावर चोळून, ती उडाल्यावर मागे राहिलेला वास घेतात. चांगल्या दारूचा हात फुलासारखा गोड येतो आणि गुळाच्या दारूचा हात नुसता तिखट येतो. या तिन्हींत हीच रीत सर्वांत विश्वासाची आहे, कारण ती जोराबरोबर वाणही सांगते. तिसरी रीत काडी ओढून दारू पेटवण्याची. ती दिसायला नाट्यमय असली तरी फसवी आहे. शंभर भागांत चाळीस भाग मद्यार्क असलेल्या मिश्रणाची वाफ सुमारे २६° सेल्सिअसला पेट घेऊ शकते आणि वीस भाग असलेल्याची सुमारे ३६° सेल्सिअसला. त्यामुळे मे महिन्यात अंगणात पारा ४४° वर असताना पाणी मिसळलेली दारूही क्षणभर भडका दाखवते आणि पौषातल्या पहाटे चांगली दारूही काडीला दाद देत नाही. विदर्भाच्या हवामानात ही परीक्षा दारूची कमी आणि ऋतूची अधिक होते.

याहून गंभीर गोष्ट अशी की ज्योत, फेस, वास वा चव यांपैकी कशानेही मिथेनॉल या विषारी मद्यार्काची भेसळ खात्रीने ओळखता येत नाही. मोहाच्या फुलातून निघणारे मिथेनॉल सामान्यतः अल्प असते. माणसे मरतात ती बाहेरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी गेले. कसलेल्या जिभेलाही अशा दारूपुढे काही किंमत उरत नाही, हे पारखीविषयी लिहिताना स्पष्ट नोंदवले पाहिजे. रोजच्या व्यवहारातली लबाडी याहून साधी असते : शहरालगतच्या हातभट्ट्यांत मूठभर मोह, पुष्कळ काळा गूळ आणि यीस्टला जोर यावा म्हणून नवसागर घालून काढलेली दारू मोहाची म्हणून विकली जाते. तिला जोर असतो, पण गोडवा जिभेवर येत नाही आणि घोट गिळल्यावर नाकात काहीच परतत नाही. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये राहिलेल्या दारूला कॅनचा वास लागतो. काचेत ती निवळ राहते. परवानाप्राप्त देशी दारू ही वेगळीच वस्तू असून ती उसाच्या मळीपासून केलेल्या मद्यार्कात पाणी व संत्र्यासारखे स्वाद मिसळून बनते. गावच्या तरुण पिढीची जीभ आता बरीचशी याच संत्र्यावर घडली आहे, आणि मोहाचा वास तिला म्हाताऱ्यांचा वाटतो.

कायद्याच्या दृष्टीने १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य काढणे हा महाराष्ट्रात सर्वत्र गुन्हा आहे. त्याशिवाय वर्धा जिल्ह्यात गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे १९७० च्या दशकापासून, तर गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या चळवळीनंतर १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी आहे; चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली व २०२१ मध्ये उठवण्यात आली. शेजारच्या छत्तीसगड व मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरती सूट आहे, आणि मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून धोरणात स्थान दिले. गोव्याच्या काजू फेणीला तर २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांत पंचायत व्यवस्था विस्तारणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला मद्यबंदीचा वा नियमनाचा अधिकार दिला असून, याच पट्ट्यात अनेक ग्रामसभांनी बंदीच्या बाजूने ठराव केले आहेत. चवीची परंपरा जपावी असे म्हणणाऱ्याने हे ठराव नजरेआड करू नयेत, कारण भट्टी लावणारे हात पुष्कळदा बाईचे असतात आणि मारहाण सोसणारी पाठही बाईचीच. बंदीचा पारखीवर झालेला परिणाम मात्र उघड आहे : चोरून काढायची वस्तू घाईने काढली जाते, सडवा पुरता आंबू दिला जात नाही, जाळ मोठा केला जातो आणि धारा वेगळ्या ठेवायला कोणी थांबत नाही.

बिअरच्या जाणकारांनी पिल्सनर, स्टाउट, इंडिया पेल एल अशा शैली ठरवून प्रत्येकीचा रंग, कडूपणा व वास यांची मापे लिहून ठेवली आहेत. मोहाच्या दारूत अशी नावे नाहीत. जे भेद केले जातात ते नव्या-जुन्या मोहाचे, पहिल्या-दुसऱ्या धारेचे आणि अमक्या घरच्या भट्टीचे. नव्या हंगामाच्या फुलांची दारू अधिक फुलोरी व हलकी लागते, वर्षभर ठेवलेल्या फुलांची मनुक्याकडे, जुन्या गुळाकडे झुकते. थंडीत ती किंचित कोमट घेतल्यास वास मोकळा होतो. बर्फ घातल्याने तो मिटतो. घोट लहान घ्यावा, क्षणभर जिभेवर ठेवावा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा; फूल असेल तर ते त्या श्वासात परत येते. सोबतीला भाजलेले चणे, लाखोळीच्या डाळीचे वडे किंवा सुकी मासळी असते, आणि भामरागडकडे लाल मुंग्यांची आंबट चटणी, जी दारूचा गोडवा नेमका कापते. भांडे म्हणून पळसाच्या किंवा मोहाच्याच पानाचा द्रोण वापरतात. पानाला स्वतःचा हिरवा, तुरट वास असतो आणि पहिल्या घोटात तो जाणवतो. द्रोण एकदा वापरून टाकून देतात, त्यामुळे मागच्या धारेचा वास पुढच्या धारेत मिसळत नाही.